मास्तरांच्या बाजूचा क्लच

मेकॅनिकने पहिल्यातून दुसरा गिअर टाकला आणि कान दिला. काही नाही. दुसऱ्यातून तिसरा टाकला, तिसऱ्यातून परत दुसरा. दांडी दर वेळी गुमान आपल्या जागी जाऊन बसली.

"कुठंय आवाज, मास्तर?"

शेजारच्या सीटवर मास्तर मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

"तू चालवलीस की गप्प होते. पाहुण्यांसमोर पोरं कशी शहाण्यासारखी बसतात, तशी."

ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने गिअरचं तेल बदललं, दुसऱ्या खेपेला क्लचची केबल नवी टाकली. दोन्ही वेळा गाडी गॅरेजातून मुकाट गेली आणि दोन दिवसांत बोंबलत परत आली. तुझे कान गेले रे बारक्या, असं मास्तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते. बारक्या आता चाळिशीचा, पोट स्टिअरिंगला टेकलेला. पण अठराव्या वर्षी मास्तरांकडे गाडी शिकायला आला तेव्हा चिकटलेलं ते नाव काही सुटलं नव्हतं. दुसऱ्या कोणी कानांवर बोट ठेवलं असतं तर त्याने हातातला पाना फेकून मारला असता.

मास्तरांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं त्याला चार वर्षं झाली होती. छपरावरची पाटी काढली, मागच्या काचेवरचं शिकाऊ गाडीचं लाल 'एल' अक्षर खरवडलं. पण शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी असतात ते जास्तीचे क्लच आणि ब्रेक तसेच ठेवले. काढू का, असं मेकॅनिकने एकदा विचारलंही होतं. राहू दे, ते काय खायला मागतात का, म्हणाले.

"आता तुम्ही चालवा," मेकॅनिक म्हणाला.

"मी कशाला? ऐकायचं काम तुझं."

"तुमच्याशीच बोलते ना ती? मग तुमच्याशी बोलताना ऐकू दे."

दोघांनी जागा बदलल्या. मास्तर आधी सीटवर टेकले, दोन्ही पाय बाहेरच. मग डाव्या पायाची पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून त्यांनी तो पाय उचलून आत ठेवला, बाजाराची पिशवी ठेवावी तसा. इतक्या सफाईने, की बघणाऱ्याला वाटावं, इस्त्री मोडू नये म्हणून जपताहेत.

मेकॅनिकने ते पाहिलं आणि सीटबेल्ट लावला.

"लवकर आटप. साडेबाराला नातीला शाळेतून आणायचंय," मास्तर म्हणाले. "तिची आई आधीच टपून बसलीय. बाबा, गाडी विका, रोज एकच टकळी. या आवाजाचं तिला कळलं ना, किल्लीच काढून घेईल. मग मी दिवसभर काय करू? भिंतीला गिअर टाकू?"

गाडी निघाली. दुसरा गिअर. कर्रर्र.

"ऐकलंस?" मास्तर जिंकल्यासारखे म्हणाले.

मेकॅनिक ऐकतच नव्हता. तो खाली बघत होता. त्या गाडीत एका बाजूचा क्लच दाबला की दुसऱ्या बाजूचाही खाली जायचा. त्याच्या पुढ्यातलं पेडल खाली निघालं, थरथरलं आणि तळापासून चार बोटं वरच थांबलं. तिसऱ्या गिअरलाही तेच. कर्रर्र. क्लच तळाला, तळाला म्हणजे तळाला, हे ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं, त्याचा पाय तळाला जात नव्हता.

गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला मेकॅनिक कधी कचरला नव्हता. गाडी भंगारात घाला, असं त्याने एका वकिलाला त्याच्या सासऱ्यांसमोर सुनावलं होतं. आता शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. त्याने आपला डावा पाय हळूच पेडलवर ठेवला. पुढच्या वळणाला मास्तरांचा बूट खाली जायला लागला, तसं त्याने ते उरलेली चार बोटं खाली दाबलं.

गिअर पडला. आवाज नाही.

तिसरा. आवाज नाही. उतारावर परत दुसरा. मास्तर समोर बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. कळलं नाही म्हाताऱ्याला, मेकॅनिकला वाटलं. शाळा येईपर्यंत तो दाबत राहिला.

शाळेच्या फाटकाअलीकडे मास्तरांनी गाडी कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"पहिले तीन आठवडे तुला वाटायचं, आपण काय झकास गिअर टाकतो," ते म्हणाले. "घरी जाऊन आईला सांगायचास."

"हो."

"दाबत कोण होतं?"

मेकॅनिकने पाय पेडलवरून काढला.

"पायात जोर नाही, म्हणून पायाला कळत नाही असं नसतं रे. पेडल पायाखालून पळालं की कळतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कंबरेतली नस दबलीय. आधी म्हणाले, दोन महिने गाडी नको. आता म्हणतात, बघू."

"मग गाडी माझ्याकडे तीन-तीनदा कशाला आणलीत?"

मास्तरांनी टोपी झटकली. तिच्यावर धूळ नव्हती.

"म्हटलं, गाडीचंच काही निघालं तर बरं."

शाळेची घंटा झाली. दप्तर पाठीवर उड्या मारत नात धावत येताना दिसली. मास्तरांनी तिला बघितलं, दार उघडलं, पाय चिमटीत धरून बाहेर ठेवला आणि बॉनेटवर हात टेकत टेकत, गाडीला वळसा घालून ते मेकॅनिकच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सरक तिकडे."

मेकॅनिकने गाडी चालवली. वाटेत नात मागून म्हणाली, "आजोबा, आज गाडी भांडत नाहीये."

मेकॅनिकने तिसरा टाकला.

घराच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. नवरा डाव्या सीटवरून उतरतोय हे बघून त्यांनी आधी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि मग मेकॅनिककडे.

"तू आणलीस होय गाडी? आण बाबा. यांनी गावच्या पोरासोरांना शिकवली, आमच्या नशिबी मात्र तीस वर्षं मागची सीट."

"तुला काय अडलंय?" मास्तर नेहमीचं बोलले, पण नेहमीच्या जोरात नाही. किल्ली मुठीतच धरून ते आत गेले.

मेकॅनिक चालत गॅरेजला परतला. त्या दिवशी त्याने चहा आणणाऱ्यावर विनाकारण डाफरून घेतलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मास्तर फिरकले नाहीत. मग एके दिवशी, बाराच्या सुमाराला, तो एका टेम्पोखाली झोपून नट पिळत असताना कोपऱ्यावरून आवाज आला. कर्रर्र.

त्याचा पाना थांबला. हजार आवाजांत त्याने तो ओळखला असता. ऐकलं नाही म्हाताऱ्याने, आणि निघाला नातीला आणायला. तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसायलाही न थांबता रस्त्यावर गेला. या वेळी शब्द जिभेवर बसणार नव्हते.

गाडी आचके देत आली. काचेवर लाल अक्षर परत चिकटवलेलं होतं. स्टिअरिंगवर काकू होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हनुवटी वर, आणि चाक असं घट्ट धरलेलं, जसं कोणी हिसकावून नेणार आहे. मास्तर डाव्या सीटवर होते. क्लच दाबून द्यायला त्यांच्या पायात जोर नव्हता. उजवा तेवढा ब्रेकच्या वर, न टेकता, धरलेला होता.

"तळाला," ते म्हणत होते. "तळाला म्हणजे तळाला."

"परत बोललात तर तुम्हाला इथंच उतरवीन. पोरीला मी चालत आणेन."

मेकॅनिक बाजूला झाला. गाडी त्याच्यासमोरून गेली. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त खिडकीवरच्या हाताचं एक बोट वर केलं, शिकवताना करायचे तसं. थांब, बघ. पुढे चढ लागला. कर्रर्र. मग एक आचका, आणि गाडी वळली.

टेम्पोचा मालक गॅरेजच्या दारात आला होता.

"काय हो, गिअरबॉक्स गेला वाटतं बिचारीचा?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. कोपऱ्यापलीकडून परत एकदा आवाज येतो का, हे ऐकत तो थोडा उभा राहिला. "आवाज जाईल महिन्याभरात."

आणि पाना उचलून तो परत टेम्पोखाली शिरला.