रेवाची धाप

माझ्या आईचं नाव सुलक्षणा मेस्त्री. तिचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला असेल, नाव ऐकलेलं नसेल. मालिकांत मागच्या खोलीत रडणारी बाई, लग्नातली कुजबुज, बाळंतिणीच्या कळा, असली डबिंगची कामं तिने जन्मभर केली. शेवटचं काम केलं ते कृणालसाठी.

कृणाल माझा कॉलेजातला मित्र. आमच्या बोरीवलीच्या घरी येऊन आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं ताट चाटून खायचा. आई त्याला ‘झिला’, म्हणजे पोरा, म्हणायची. पुढे त्याने अंधेरीत व्हिडिओ गेम बनवायची कंपनी काढली. ‘पत्रा’ हा त्यांचा पहिला मोठा गेम. त्यात रेवा नावाची मुलगी जोगेश्वरीसारख्या एका वस्तीच्या छपरांवरून पळत सुटते. सगळं तिच्या डोळ्यांतून दिसतं, त्यामुळे रेवा स्वतः कधीच दिसत नाही. दिसतात ते पुढे येणारे दोन हात आणि उडीत खाली लोंबणारे पाय. बाकी रेवा म्हणजे फक्त श्वास, आणि तो आईचा होता.

आईची फुप्फुसं तेव्हाच आकसायला लागली होती. आम्हाला ते उशिरा कळलं.

गेमची जाहिरात आली तेव्हा ती हॉस्पिटलात होती. नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क सारखा करत तिने मोबाइल कानाशी धरला आणि पुन्हा पुन्हा ऐकलं. “बरा झाला मां?” तिने विचारलं. मग पडद्यावर आलं, ‘रेवा: प्रांजल’. वेबसिरीजमधली ती प्रांजल. आईने कृणालला फोन लावला.

“मावशी, ते मार्केटिंगचं असतं गं,” तो म्हणाला. “गेमच्या शेवटी येईल ना तुझं नाव.”

ती गेली. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन चढलं. भाऊमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझ्या कानाशी पुटपुटला, “नावाचाच रवला असतला तिच्या मनात. सांग तिका, नाव येतला म्हणान.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी हात जोडून पुढे झाले, आणि तोंडातून भलतंच निघालं. “आई, कृणालला मी सोडणार नाही.”

कावळा आला. शेजारच्या पिंडाचा भात संपला होता, एवढंच.

मी मराठीत गेमची परीक्षणं करते आणि ती बरेच लोक बघतात. त्यामुळे कृणालने प्रत मला आधीच पाठवली, सोबत हात जोडलेलं चित्र. शेवटी सरकणारी नावं मी आधी पाहिली. चहा आणणाऱ्याचं नाव होतं. आईचं नव्हतं.

मग मी खेळायला बसले. गेम वाईट निघाला असता तर काम सोपं होतं. पण पळणं अप्रतिम जमलं होतं. पत्र्यावर पाय पडला की वेगळा आवाज, सिमेंटवर वेगळा, निळ्या ताडपत्रीवर घसरता घसरता सावरणं. वेग वाढेल तशी धाप वाढायची आणि लांब उडीच्या आधी श्वास क्षणभर अडायचा. तो अडला की आपलाही अडायचा. उणिवाही होत्या. मारामारी आली की हात नुसतेच हवेत फिरत. बंद जिन्यांत कुठे उडी मारायची ते समजत नसे, आपटून आपटूनच शिकायचं. आणि प्रत्येक वेळी पडताना आई ओरडायची. मी तिला पुष्कळ वेळा पाडलं. नीट परीक्षण करायचं तर तेही करावं लागतं.

भाऊमामा आला तेव्हा मी रेवाला एका टाकीवर तशीच उभी ठेवून दार उघडायला गेले. तो बसला, पाणी प्यायला, आणि एकदम ग्लास ठेवून उभा राहिला.

“गे दिशा, ही सुलू मां?”

स्पीकरमधून आई बोलत होती. “थांब मरे झिला. माका दम लागलो.”

पाठोपाठ कृणालचा आवाज, लांबून, पण स्पष्ट. “मावशी, हीच धाप हवीय. खोटी नको. थांबू नकोस, परत एकदा.”

मग खोकला, आणि परत श्वास.

काय झालं असावं ते माझ्या लक्षात आलं. स्वस्थ उभ्या रेवासाठी त्यांनी आईच्या रेकॉर्डिंगचा एक लांबलचक तुकडा शेवटपर्यंत न ऐकताच लावून टाकला होता. पळण्याच्या गेममध्ये उभं राहून बघतो कोण? त्यांच्याकडे कुणीच उभं राहिलं नव्हतं.

“तेका सोडू नको,” भाऊमामा म्हणाला. तो रडत होता. मी कृणालला कळवलं, गेम झकास आहे, उद्‌घाटनाला स्टेजवर मीच खेळून दाखवते.

“यार दिशा, जीव वाचवलास!” तो म्हणाला.

अंधेरीतला तो हॉल भरला होता. प्रांजल पहिल्या रांगेत होती. निवेदकाने तिला रेवाबद्दल विचारलं तेव्हा ती गोड हसून म्हणाली, “खूप पळाले हो मी माइकसमोर. अजून पोटऱ्या दुखतात!” टाळ्या पडल्या.

मी कंट्रोलर हातात घेतला. पहिली फेरी एकदाही न पडता पुरी केली, आणि पळता पळता गेमचं सगळं चांगलं माइकवर सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कृणाल बाजूला उभा राहून मान डोलवत होता.

“आता उणीव,” मी म्हणाले, आणि रेवाला गच्चीच्या कठड्यावर उभी केली.

काहीच घडेना. लोक चुळबुळले. मागून कुणीतरी ओरडलं, “अगं पळ की! रिक्षा बोलावू का?” हशा पिकला. कृणाल हसतच जवळ आला. “हँग झाला का?”

“नाही. दमलीये ती.”

मग हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून आई बोलली. मालवणी ऐकून लोक आधी हसले. कृणालचा आवाज आला तसं हसणं विरत गेलं. खोकला त्या हॉलमध्ये फार मोठा वाटला.

“प्रांजल,” मी विचारलं, “हे तू कुठल्या दिवशी रेकॉर्ड केलंस?”

तिने आधी कृणालकडे पाहिलं, मग खाली. “मी नाही केलेलं,” ती म्हणाली. “मी फक्त फोटो दिले.”

कृणालने माझं मनगट धरलं. माइकपासून तोंड वळवून म्हणाला, “बंद कर. नाव टाकतो, आईशप्पथ, आज टाकतो.”

“कुणाचं?” मी माइक त्याच्यापुढे धरला. “मोठ्याने सांग. आणि तिचं काय झालं, तेही सांग.”

तो ओठ चाटत राहिला. आवाज फिरून पुन्हा सुरू झाला होता, थांब मरे झिला. ते वाक्य संपायच्या आत संपवायचं असल्यासारखा तो घाईने बोलला. “सुलक्षणा मेस्त्री. रेवा म्हणजे त्या. त्या... वारल्या.”

“कशाने?”

“दम,” तो म्हणाला. “दम्याने वगैरे.”

“फुप्फुसांनी,” मी म्हणाले, आणि कंट्रोलर ठेवून खाली उतरले.

नाव सकाळपर्यंत आलं. एकटीचं, सगळ्यात वर. आठवड्याने त्याचा फोन आला.

“झालं ना तुझ्या मनासारखं? आता तो तुकडा काढतोय. लोक गेम घेऊन नुसते उभे राहतायत, दिशा. व्हिडिओ टाकतायत. माझी वाट लागली.”

“काढायचा नाही.”

“अगं, चूक आहे ती गेममधली!”

“माझ्या परीक्षणात ती जमेच्या बाजूला आहे. तिथे तिने ‘थांब’ म्हटलंय. ते काढलंस तर ती नुसती धापा टाकणारी बाई उरेल. ऑफिसात ऐकलंय तुझ्या मुलांनी?”

“सगळ्यांनी,” तो म्हणाला. “मला रोज ऐकावं लागतं गं ते. प्रत्येक नवा बदल तपासताना. त्या पोरांच्या नजरा बघ एकदा. मी घरी आलो की पण ते... मावशीने माझ्याशी असं कधीच केलं नसतं.”

“नसतं केलं,” मी म्हणाले. “तिने तुला पाणी दिलं असतं.”

“मग?”

“मग काय? ऐक.”