परग्रहावरच्या भोपळ्याचं बिस्किट

मित्रांनो, मी एक जुना परग्रहवासी आहे. उगाच आकाशाकडे बघू नका, मी तिथून आलेलो नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानामागे छोटी खोली होती, तिथे माझा जन्म झाला. अंगात स्पंज, वर पातळ रबराची कातडी, हाडांच्या जागी तार आणि पापण्या ओढायला सायकलच्या ब्रेकची वायर. डोकं इतकं मोठं आणि गोल झालं, की रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी मला ‘भोपळ्या’ म्हटलं. चित्रपटात माझं नाव चांगलं भारदस्त होतं. ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. खरं सांगू का? माझ्याही नाही.

मला घडवलं मावशीने. सगळे तिला मावशीच म्हणत, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती मातीचा चेहरा करायची, लांब उभी राहून बघायची, “छे, हा तर पोट दुखत असल्यासारखा दिसतोय,” म्हणायची आणि मोडून टाकायची. असे किती चेहरे मोडले कुणास ठाऊक! शेवटी तिला हवा तो जमला. जरासा बावळट, जरासा काळजीत पडलेला, पाहुण्यांच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखा. मग त्या चेहऱ्यावरून माझं रबर ओतलं गेलं.

मला हलवायचीही तीच. सेटची जमीन फळ्यांची, आणि फळ्यांखाली एक अरुंद खोका. मावशी त्यात आडवी पडायची. तिचा उजवा हात माझ्या डोक्यात असायचा आणि अंगठ्याने ती पापण्यांची वायर ओढायची. तिचा डावा हात माझ्या डाव्या हातात मोज्यात बसावा तसा बसायचा. माझा उजवा हात नुसता शोभेचा होता.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. एका मुलीला घराच्या अडगळीच्या खोलीत परग्रहवासी सापडतो, ती आधी घाबरते, मग त्यांची गट्टी जमते, आणि शेवटी ती त्याला त्याच्या घरी पोचवते. ते काम करणाऱ्या मुलीला आम्ही ‘मुंगी’ म्हणायचो, कारण गोड खाऊचा डबा जिथे, तिथे ती.

दिग्दर्शकसाहेबांची सक्त ताकीद होती. “मुलीला मावशी दिसता कामा नये. भोपळ्या खरा आहे, असंच तिला वाटलं पाहिजे.” म्हणून मावशी मुंगी यायच्या आधी खोक्यात शिरायची आणि ती घरी गेली की बाहेर यायची. जेवणाच्या सुट्टीतही बिचारी आतच. मावशीला शिंक आली, की लाइटवाला लगेच खोटं खोटं शिंकायचा. एकदा दोघं इतकी शिंकली, की मुंगीने त्याला आल्याचा रस घ्यायला सांगितलं.

आणि मुंगीचा एक नेम होता. रोज आली की ती माझ्या डाव्या हातावर एक बिस्किट ठेवायची आणि पाठ फिरवून डोळे मिटून उभी राहायची. ती परत वळेपर्यंत बिस्किट गायब! “बघा, किती भाबडं लेकरू आहे,” म्हणत सगळे कौतुकाने हसायचे.

आता गंमत ऐका. चित्रपटवाल्यांचं सगळं उफराटं असतं. शेवट आधी काढतात आणि सुरुवात मागाहून. आमचा निरोपाचा प्रसंग केव्हाच झाला होता. पहिल्या भेटीचा मात्र अगदी शेवटच्या दिवसासाठी राहिला, कारण अडगळीची खोली सुतारांनी सगळ्यात उशिरा बांधली. त्या प्रसंगात मुंगीने मला बघून घाबरायचं होतं. पण जिच्याशी इतके दिवस खेळलो, ती मला कशाला घाबरेल? दार उघडलं, की “आलास का रे भोपळ्या!” म्हणून ती थेट माझ्या गळ्यात पडायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहेबांनी डोक्याला हात लावला.

“उद्या ही जागा रिकामी करून द्यायचीय,” ते मेकअपवाल्याला म्हणाले. “आता एकदाच बघतो. नाही जमलं, तर याचा चेहराच बदलू. दात लावा, डोळे लाल करा. पोरगी घाबरली पाहिजे, बस्स!”

दात लावायचे तर माझी कातडी कापावी लागणार होती, आणि कापलेलं रबर पुन्हा पहिल्यासारखं जुळत नाही. मेकअपवाला कात्री घेऊन तयारच होता.

मुंगी बाहेर पाणी प्यायला गेली होती. तेवढ्यात खोक्यातून मावशी म्हणाली, “साहेब, तेवढ्या चेहऱ्याला हात लावू नका हो. या वेळी मी त्याला हलवणारच नाही. तो निपचित पडलेला बघून ती आपोआप घाबरेल.”

कॅमेरा सुरू झाला. मुंगी दार ढकलून आत आली. “लपतोस काय रे!” म्हणत तिने हातावर बिस्किट ठेवलं, पाठ फिरवली, डोळे मिटले. परत वळली, तर बिस्किट जागच्या जागी. तिचं हसू मावळलं. तिने माझं बोट ओढून पाहिलं. माझ्या डोक्यात मावशीने हात ताठ धरून ठेवला होता, हे फक्त मला कळत होतं. मुंगी एक पाऊल मागे सरली. चेहरा पांढराफटक पडला. हवी ती भीती मिळाली म्हणून साहेबांनी मूठ आवळली.

आणि मग ती धाडकन जमिनीवर आडवी झाली, फळीला कान लावला आणि ठोकायला लागली. “मावशी! अगं ए मावशी! तुला बरं नाहीये का?” मग आमच्या सगळ्यांकडे वळून ती रडत ओरडली, “अहो, नुसते बघताय काय? आतल्या मावशीला बाहेर काढा ना! तिने बिस्किट नाही खाल्लं!”

लाइटवाल्याने कसंबसं विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. भोपळ्याचा एक हात गार असतो आणि एक गरम. आणि तुम्ही सगळे फळ्यांकडे वाकून ‘मावशी, मावशी’ कुजबुजता. मावशीला जेवायलाही बाहेर येता येत नाही, म्हणून तर मी बिस्किट आणायचे.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तुम्ही सगळे एवढं लपवत होतात! मला वाटलं, तुमचा हिरमोड होईल.”

तेवढ्यात मावशीने अंगठा ओढला. मी डोळे मिचकावले आणि माझ्या हाताने बिस्किट उचललं. मुंगी रडता रडता खुदकन हसली. कॅमेरेवाल्याने कॅमेरा बंद केलाच नव्हता.

तोच प्रसंग चित्रपटात आहे. ती आमच्याकडे वळून रडली तेवढा भाग कापला आणि बोलणं नंतर बदललं. मुलगी जमिनीला कान लावून अंतराळयानाची घरघर ऐकते, असं लोकांना वाटतं. माझा चेहरा वाचला. पुढे पोस्टरवर झळकला, मुलांच्या दप्तरांवरही आला. पण कौतुक किती दिवस टिकणार? नवे चित्रपट आले आणि मी गोदामात पडलो. रबराला हात लावला नाही, तर ते कडक होऊन तडकतं. माझा एक कान गेला, डावी पापणी अडकली. शेवटी मावशीनेच मला चादरीत गुंडाळून घरी नेलं.

आता मावशीची बोटं संधिवाताने वाकत नाहीत. मध्यंतरी एक बाई दारात आल्या, हातात बिस्किटांचा पुडा. पुड्याकडे बघून मावशी म्हणाली, “मुंगे!” मुंगीने मला पुसलं, पावडर लावली आणि टेबलाखाली शिरून माझ्यात हात घातला.

“अंगठा अजून वर. हां, आता ओढ,” मावशी खुर्चीतून शिकवू लागली. एक पापणी उघडली, दुसरी अर्धीच. मी डोळा मारतोय असं वाटून मावशी किती हसली म्हणून सांगू!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून हात लावत जा. आणि जे जे हलतं, बोलतं, तुम्हाला हसवतं, त्याच्या आत कुणीतरी असतंच. जेवलं का ते, एवढं तरी विचारत जा.

त्या दिवशी मावशीने आपल्या आखडलेल्या बोटांनी माझ्या हातावर एक बिस्किट ठेवलं, पाठ फिरवली आणि डोळे मिटून उभी राहिली. ती परत वळली तेव्हा माझा हात रिकामा होता, आणि टेबलाखालून कुरुमकुरुम आवाज येत होता.