पहिल्या ओळीचा मान

हिलालभाऊंच्या जळगावच्या डाळमिलमध्ये शहाण्णव साली कॉम्प्युटर आला आणि मुनीम कौतिक आबांच्या खुर्चीलाच घाम फुटला. बँक महिन्याचा उतारा फ्लॉपीवर देई; पण त्यात पानोपानी मथळे, रेघा, सूचना. तो पसारा काढून नुसत्या व्यवहारांच्या ओळी ठेवल्या, की हिशेबाचं सॉफ्टवेअर ती फाइल गिळे. आबा ते आठ दिवसांत शिकले. फक्त वर 'श्री' टाइप केल्याशिवाय त्यांचं बोट पुढे सरकेना, आणि सॉफ्टवेअर नेमकं तिथंच अडे.

“आबा, मशीन देवाला व्यवहाराची तारीख विचारतंय,” धुळ्याहून एसटीनं येणारा प्रोग्रॅमवाला पंडित म्हणाला. “काढा ते.”

“चाळीस वरीस व्हयनात, काढं नही. तुन्हा मशीनले शिकाड.”

पंडितनं कोपरापासून हात जोडले आणि पहिली ओळ वाचायचीच नाही, असं प्रोग्रॅमला बजावलं. दोन वर्षं बिनघोर गेली.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चअखेरीला आबांचे पाचोऱ्याचे चुलतभाऊ वारले. चौथ्या दिवशी आबा कामावर. मार्च कुणाचं सुतक पाळत नाही. फाइल भरली, आणि बँकेच्या नि मशीनच्या शिल्लकेत अठरा हजार चारशे पन्नासांचा फरक!

“संध्याकाळपर्यंत जुळवा आबा,” हिलालभाऊ म्हणाले. “नाहीतर एप्रिलपासून पंडित बघेल. तुम्ही घरी नातवंडं खेळवा.”

पंडितनं प्रोग्रॅम उलटापालटा केला. आबांनी पेन्सिलीनं ओळी मोजल्या. फाइलीत दोनशे बारा, मशीनमध्ये दोनशे अकरा. गायब झाली होती ती पहिलीच, मुक्ताईनगरच्या व्यापाऱ्याच्या चेकची. सुतकात 'श्री' लिहीत नाहीत, म्हणून आबांनी लिहिलं नव्हतं; मशीननं त्या जागेवरचा चेक खाल्ला होता.

“मग टाका 'श्री'!” पंडित म्हणाला.

“सुतक शे ना रे भो.”

आबांनी एका बोटानं सावकाश काहीतरी टाइप केलं. आधीचं पुसून फाइल पुन्हा भरली. शिल्लक पैशासकट जुळली. पंडित वाकून बघतो तर वर 'पंडित'.

“माझं नाव दिलं खायला?”

“तूच मन्ही जागावर बसणार व्हता ना? बस मंग.”

हिलालभाऊंनी आबांची खुर्ची नव्यानं विणून घेतली. पंडित मात्र संध्याकाळी धुळ्याच्या गाडीत पहिल्या ओळीत बसला, तेव्हा कंडक्टरनं गाडीतल्या सगळ्यांना तिकिटं दिली आणि त्याला तेवढं वगळलं.