डाव चालू, पंखा बंद

आमच्या वडनेर भोलजीत रंगरावचा कॅरम क्लब होता. बोर्ड इतके गुळगुळीत, की त्यावर बसलेली माशी घसरायची ती थेट नांदुऱ्याच्या स्टेशनवर जाऊन पडायची. दोन-चार माश्या मी स्वतः सायकलवर परत आणल्यात. वर टिनाचं छप्पर, बोर्डावर लोंबणारा मोठा बल्ब, आणि मे महिन्यात आत असा उकाडा की माणूस बसल्या जागी शिजावा. तरी पंखा बंद. वाऱ्यानं पावडर उडते, म्हणून डाव चालू असेतो पंखा लावायचा नाही, हा रंगरावचा कायदा. मी आणि भगवान तिथंच लहानाचे मोठे झालो. भगवाननं नुसता स्ट्रायकर उचलला तरी सोंगट्या आपणहून भोकाकडे निघत. हे मात्र जवळजवळ खरं आहे.

रंगराव गेला, क्लबच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आम्ही म्हातारे झालो. परवा भर दुपारी भगवानची बायको वच्छलाबाई दारात उभी.

"भाऊजी, चला. ते पंखाच लावू नाही देऊन राह्यले."

वर्षभरात भगवानच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलं होतं. लेक गेली, बायको गेली, वावर गेलं. उरला तो क्लब. पंखा लावला की तो बटणाकडे धावायचा आणि पडायचा. काल कपाळ फुटलं. अंग असंच तापत राहिलं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टर सांगून गेला होता.

"जन्मभर तुमच्या थापा ऐकल्या त्यायनं," ती वाटेत म्हणाली. "आता एक माह्यासाठी मारा."

भगवान पलंगावर बसून चादरीवर टिचक्या मारत होता. बोर्डावर उजेड हवा म्हणून बल्ब दिवसाही चालू. श्वास वरच्यावर.

"भगवान, डाव संपला बे. तू जिंकला."

"राणी बाकी हाय."

"राणी तं तूच घेतली."

"कव्हर कुठी झाली? आन् तू कोण बे?"

"रंगराव म्हणते, क्लब बंद करा."

"रंगराव तं माह्यासमोर बसला हाय."

विहिरीत विमान पडलं, हे मी एकदा अख्ख्या गावाला पटवलं होतं. लोक दोर घेऊन उतरले होते. आणि या एका माणसाला एक संपलेला डाव पटवता येईना. वच्छलाबाईनं पाणी पुढं केलं. बोर्ड ओला होईल म्हणून त्यानं पेला ढकलला. ओठ पांढरे पडले होते. मी मनगट धरलं, तर चटका बसला.

मग मी खिडकीवर गोधडी टाकली, दार लोटलं आणि बल्ब बंद केला.

"लाईट गेली बे."

भगवाननं तत्काळ दोन्ही हात डोक्यावर ठेवले. क्लबातला रिवाजच तो. अंधारात कोणी सोंगटी सरकवू नये, म्हणून लाईट येईपर्यंत सगळ्यांचे हात डोक्यावर.

"वहिनी, लावा."

पंखा फिरला.

"वारा कुठून येऊन राह्यला?" भगवाननं विचारलं.

"रंगरावनं दार उघडलं. बाहीर वावधन सुटलं हाय."

"आन् सोंगट्या?"

"मी आडवा पडलो त्यायच्यावर."

हे त्याला पटलं. वच्छलाबाईनं मानेवर ओला पंचा ठेवला, पेला ओठांना लावला. हात डोक्यावर ठेवूनच तो सगळं पाणी प्याला. हळूहळू अंग निवू लागलं. पण खांदे थरथरायला लागले.

"हात खाली घे बे."

"लाईट येऊ दे."

लाईट आली की डाव, आणि डाव म्हणजे पंखा बंद. मी दार बोटभर उघडून पाहिलं. उजेडाची रेघ पडताच त्याचे हात चादरीकडे वळले. मी दार लावलं.

वच्छलाबाई पलंगावर चढली, त्याच्या पाठीशी बसली आणि त्याची दोन्ही कोपरं आपल्या तळव्यांवर तोलून धरली.

"मे सरायले लय दिवस हायेत, भाऊजी," ती म्हणाली.

"कवा येईन बे लाईट?" भगवान म्हणाला.

"वायरमन खांबावर चढला हाय," मी म्हणालो, आणि त्या वायरमनची गोष्ट सुरू केली, त्याच्या आज्यापासून.