खिडकीबाहेरचं कोपर

कवळीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. जन्मभर त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या. गावातलं निम्मं म्हातारं हसू त्यांच्या हातचं होतं, पण त्यांच्या दाराशी ते कधी फिरकत नसे. कवळी टोचली तर माणूस ती बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो; नीट बसली की त्याला विसरून जातो. आणि काकांची कवळी कधी टोचायची नाही.

काकू गेल्यावर त्यांनी प्लास्टरचं सामान आवरलं आणि त्याच टेबलावर कॉम्प्युटर मांडला. त्यात आगगाडी चालवण्याचा खेळ होता. काका गाडी चालवत कमी, चित्रं टिपत जास्त. कोळशाच्या इंजिनाचा एखादा जुना फोटो घ्यायचा, खेळात तेच इंजिन, तोच उतार, तसाच धूर आणि तसंच तिरपं ऊन जमवायचं, आणि पडद्यावरचं चित्र पकडायचं. असे उद्योगी लोक देशोदेशी होते आणि त्यांचा एक ग्रुप होता. तिथे नियम एकच, पण कडक: बनवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसं लाल चाक काढायचं, म्हणजे कुणाला तो खरा फोटो वाटायला नको.

गावात पूर्वी रेल्वेच्या एका लहान फाट्यावरची गाडी यायची. तिच्या इंजिनाचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून काकांनी ते नुसत्या आराखड्यांवरून उभं केलं. दात बसवावेत तसे बॉयलरवरचे रिवेट एकेक करून बसवले. ड्रायव्हरची जागा मोकळी दिसत होती, तिथे खिडकीबाहेर कोपर टेकलेला एक माणूस बसवला, आणि त्याला चेहरा दिला स्वतःचाच, तरुणपणीच्या ओळखपत्रावरचा. मग चित्राला जुनाट तपकिरी रंग चढवला. लाल चाक नेमकं धुराच्या शेपटावर येत होतं. इतक्या मेहनतीच्या धुरावर ते डाग पडल्यासारखं दिसे, म्हणून काकांनी ते पुसलं आणि चित्र गावाच्या आठवणींच्या पानावर टाकलं.

लगेच फोन आला. टायपिंगचे क्लास घेणाऱ्या बाई बोलत होत्या.

"इंजिनात बसलेत ना, ते माझे बाबा आहेत हो! आमचं घर जळलं तेव्हा त्यांचा एकूण एक फोटो गेला. मी लहान होते. चेहरासुद्धा धड आठवत नव्हता मला. कुठे मिळाला तुम्हाला?"

"शोधता शोधता..." एवढंच काका बोलले, आणि पुढचं बाईंनी स्वतःच समजून घेतलं.

मग रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला फोन येऊ लागला. बाई बाबांच्या गोष्टी सांगत. गाडी गावाजवळच्या वळणावर आली की बाबा दोन आखूड शिट्ट्या द्यायचे, म्हणजे आईने चहाचं आधण ठेवायचं. स्टेशनमास्तर रागावायचा, पण बाबा दाद द्यायचे नाहीत. काका हुंकार देत ऐकायचे. फोनची वेळ झाली की ते दाढी करून, बरा सदरा घालून बसू लागले. फोनवर कोण बघणार होतं देव जाणे!

एकदा बाई म्हणाल्या, "रविवारी तो फोटो घ्यायलाच येते. मोठा करून फ्रेम करून ठेवा. भिंतीवर लावायचाय."

खरं सांगितलं तर हा फोन बंद होणार. न सांगितलं तर कुणा बाईच्या भिंतीवर तिचा बाप म्हणून एक कवळीवाला लटकणार, आणि ती त्याच्याशी जन्मभर बोलत राहणार. शेवटी काकांनी चित्र छापलं, पण कोपऱ्यात लाल चाक पुन्हा रेखाटून.

रविवारी बाईंनी फ्रेम हातात घेतली आणि आधी चाकावरच बोट ठेवलं. "हे लाल काय?"

"बाई, हा फोटो नाही. मी बनवलेलं चित्र आहे. आणि आत बसलाय तो मी आहे."

बाईंनी चित्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "आणि इतके दिवस तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत?"

"तुमचा फोन यायचा," काका म्हणाले.

"पण स्वतःचा चेहरा कशाला घातलात?"

"जागा रिकामी होती. दुसरं कोण होतं माझ्याकडे?"

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आणि हे कोपर? मी चेहऱ्यावरून नाही, कोपरावरून ओळखलं होतं. बाबांचं उजवं कोपर उन्हाने रापलेलं होतं, डावं नाही. आई चिडवायची त्यांना."

"त्या इंजिनात ड्रायव्हर उजव्या बाजूला बसायचा. कोपर बाहेर टेकून वाकल्याशिवाय पुढचं दिसायचंच नाही."

"म्हणजे कोपर खरं आहे."

"कोपर खरं आहे."

"मग तेवढंच द्या मला. चेहरा काढून टाका."

काकांनी कॉम्प्युटर लावला. ड्रायव्हरची टोपी खाली ओढली, तिची सावली हनुवटीपर्यंत आणली. एवढ्या मोठ्या जगात एकाच ठिकाणी त्यांनी स्वतःला बसवलं होतं, तिथूनही आता ते उठले. लाल चाक ते पुसायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे ते." नवं चित्र कागदात गुंडाळून घेऊन त्या उठल्या. "येते," म्हणाल्या.

त्यानंतर फोन आला नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही, आठवड्याने नाही. बाईंना राग आला होता, की बोलायला आता भिंतीवर कोणीतरी होतं, ते काकांना कळलं नाही. त्यांनी स्वतः फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

चहाच्या वेळेला ते दाढी करून, बरा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसले. गाडी वळणावर आणली आणि दोन आखूड शिट्ट्या दिल्या. थोडं थांबले. मग स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले आणि एक कप आधण ठेवलं.