घोरपडीनं दाखवलेलं दार

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्यापूरकडच्या आमच्या गावात पाच लेकरं तापानं फणफणत होती, अन् करणी कोणाची ते महाराजांची घोरपड दाखवणार होती. "पाहा माह्या मायची जीभ! पाप चाटते पाप!" महाराज पाटावर बसून घोरपडीकडं बोट दाखवत ओरडले. चेल्यानं दोरी ढिली सोडली. घोरपड लवलव जीभ काढत एकेक दार मागं टाकत गेली अन् जमुनाच्या उंबरठ्याला चिकटली.

जमुना विधवा, एकटी. महाराज म्हणाले, "संध्याकाळच्या आत गाव सोड."

"म्या काय केलं वो?" ती रडायला लागली. मग माझ्याकडं वळली. "सर, तुमी तरी बोला न!"

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. पण घोरपड माझ्या दारावरून पुढं गेली होती, मी सुटलो होतो. मी मान खाली घातली.

बोलली ती बांगड्या विकणारी खुर्शीदबी. "रुको जरा. आज सडा टाकू नका, उंबरठे पुसू नका, असा हुकूम काहून सोडला यानं?" तिनं ओल्या फडक्यानं जमुनाचा उंबरठा खसाखसा पुसला अन् तेच फडकं महाराजांच्या पाटावर घासलं. "सोड आता तुयी माय!"

घोरपड तडक पाटाकडं निघाली अन् महाराजांच्या मांडीवर चढायला लागली. "हाड! हाड!" महाराज धोतर सावरत पळाले. महाराजांच्या जीपमधल्या पोत्यात दुसरी घोरपड सापडली, मादी.

महाराजांची 'माय' नर होती! घोरपड जिभेनं वासाचे कण टिपते अन् टाळूतल्या इंद्रियाला देते. मादी कुठून गेली, ते नराला असं कळतं. चेल्यानं पहाटे मादीच्या अंगाचा स्राव जमुनाच्या उंबरठ्यावर फासला होता. तिचंच दार निवडलं, कारण तिच्या बाजूनं भांडायला कोणी नव्हतं. लेकरांचा ताप डेंग्यूचा निघाला.

दुसऱ्या दिवशी जमुना सडा टाकत होती.

"सर, ते जिभेचं तुमाले ठाव होतं?"

"होतं."

ती सड्याची बादली उचलून आत गेली. माझी मला लाज वाटली, अजून वाटते.

बाबांनो, जनावराला वास कळतो, पाप कळत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर काहून, कसं, हे तिथंच विचारा. अन् ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये.