ओळंब्याचं दार

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला टांगतात त्या वजनावरून. एक तर तो उंच आणि सरळसोट, आणि दुसरं म्हणजे एकदा एका जागी ठरला की हलायचं नाव नाही. अर्धं आयुष्य लोकांची घरं बांधण्यात गेलं आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत राहिला. शेवटी बायकोनेच घराचा धोशा लावला, तोही स्वतःसाठी नव्हे. तिचे वडील पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि म्हातारा एकटाच राहत होता.

म्हाताऱ्याने जन्मभर हातगाडी ओढलेली. लेकीने "आमच्याकडे चला" म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "येईन की. पण पडल्या पडल्या भिंतीकडेच बघायचं असेल तर माझी इथली भिंत काय वाईट आहे?" हे ऐकल्यापासून तिच्या डोक्यात खिडकी बसली. रस्त्याच्या अंगाला, खाटेवरून बाहेरचं दिसेल अशी.

"खिडकी छातीला असते," ओळंबा म्हणाला. "खाली घेतली की शेळी आत येते, आणि शेळीच्या मागोमाग चोर."

"आपल्याकडे चोरायला आहे काय?"

"म्हणून काय पद्धत सोडायची?"

विषय तिथेच मिटला, म्हणजे त्याच्यापुरता मिटला. तिने तोंड बंद केलं आणि चिखल तुडवायला लागली.

घर मातीचंच होतं. खाली गोळा करून आणलेल्या दगडांचा पाया, वर काड घालून तुडवलेल्या चिखलाच्या भिंती. ती तुडवायची, तो गोळे थापून थर चढवायचा, थर वाळला की पुढचा थर. लोकांच्या घरी तो टेप काढायचा, पण मातीला टेप कशाला, म्हणून इथे त्याची एक काठी होती. काठीला दोन खाचा होत्या. खालची खाच खिडकीच्या तळाची, वरची दाराच्या माथ्याची. काठी पायाच्या दगडावर उभी करायची, खाच बघायची, भिंतीवर रेघ मारायची. त्या काठीवर त्याचा स्वतःच्या बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

भिंत गुडघ्याएवढी झाली होती तेव्हाची गोष्ट. तिने चहा ठेवला होता आणि ओल्या लाकडांनी नुसता धूर चालवला होता. निखारे पुढे सारायला हाताशी दुसरं काही नव्हतं, काठी होती. तिने ती चुलीत घातली, तेवढ्यात त्याने हाक मारली, "चिखल सुकतोय, ये लवकर," आणि ती काठी तिथेच टाकून धावली. परत येऊन बघते तर खालचं टोक चांगलं वीतभर जळून गेलेलं. तिने कोळसा झटकला आणि काठी होती तिथे टेकवून ठेवली. तिच्या लेखी दोन्ही खाचा शाबूत होत्या, म्हणजे काठी शाबूत होती. टोकाला चिखल लागला आणि काळं कुणाला दिसलंही नाही.

"भिंत भराभर चढतेय की," ओळंबा मध्ये एकदा खुशीत म्हणाला. स्वतःच्या हातांवर त्याचा जीव होताच.

रस्त्याकडच्या पुढच्या भिंतीत दार आणि खिडकी या दोन्हींवरून एकच लांब फळी गेली. फळीखाली टेकू होते, म्हणून ये-जा मागच्या बाजूने. त्या बाजूची भिंत सगळ्यात शेवटी पुरी झाली, वर पत्रे पडले, टेकू निघाले आणि सुतार दार घेऊन आला. हे दार पाडलेल्या एका मोठ्या घरातलं. ओळंब्याने ते वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं. सुताराने ते भोकाला लावून बघितलं आणि मागे सरला.

"वीतभर मोठं आहे."

"दार काय वाढतं होय रे?"

"दार वाढत नाही. भोक लहान आहे."

काठी आणली, सुताराने तिचं टोक पाण्याने धुतलं. टोक काळं निघालं, आणि काठी वीतभर आखूड, म्हणजे दोन्ही खाचा वीतभर खाली आल्या होत्या.

"मीच चुलीत घातली होती," ती म्हणाली. "खाचा होत्या ना जागेवर."

सुतार हसायला लागला. ओळंबा हसला नाही. "मुद्दाम केलंस. खिडकी खाली हवी होती ना तुला."

"आईशप्पथ, नाही." आणि ते खरं होतं. पण तिचं तिलाही ते पटेना, मग त्याला काय पटणार.

"उद्या पत्रे काढतो. पुढची भिंत उतरवायची."

तिने मनातल्या मनात हिशेब घातला. भिंत पुन्हा चढेपर्यंत म्हातारा तिकडेच राहणार, आणि खिडकी पुन्हा छातीला जाणार. त्यातून म्हातारा आजच यायचा होता, घर बघायला.

दुपारी शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर घालूनच आणलं. "माझं वजन मागे जास्त झालंय," असं तो वाटभर त्यांना ऐकवत आला. गाठोडं मात्र त्याने आणलं नव्हतं, नुसतं बघून जायचं म्हणून. खिडकीशी खाट होती, तिच्यावर दोन उशांना टेकवून त्याला बसवलं.

"जावईबापू, भिंत बरी आहे."

"उद्या उतरवतोय. चुकलीये."

म्हातारा बाहेर बघत होता. रस्त्याने पोत्यांची एक हातगाडी चढावर चालली होती आणि ओढणारा मेटाकुटीला आला होता.

"ए बाबा," म्हाताऱ्याने हाक दिली, "मागची दोन पोती पुढे घे."

गाडीवाल्याने वळून खिडकीकडे बघितलं. गाडी टेकवली, पोती पुढे ओढली, पुन्हा जोर लावला. गाडी चढली. त्याने मागे न बघताच हात वर केला. म्हाताऱ्यानेही हात वर केला, आणि तो तसाच वर राहिला थोडा वेळ. लेकीने तोंडाला पदर लावला. पडल्यापासून त्याला कामातलं कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं कुणी ऐकलंही नव्हतं.

ओळंबा खिडकीकडे बघत होता, मग दाराकडे, मग खिडकीकडे. एवढ्या वर्षांचं जपलेलं दार भिंतीला टेकून उभं होतं.

"करवत आण रे," तो सुताराला म्हणाला. "वरून काप. वीतभर."

सुताराने एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने करवत घेतली. ती दाराचं खालचं टोक धरायला पुढे झाली.

"जावईबापू," म्हातारा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तिकडे माझं गाठोडं राहिलंय. तेवढं घेऊन याल का?"

ओळंबा "आणतो" म्हणाला आणि निघाला. दारात त्याचं कपाळ फळीवर आपटलं. त्याने कपाळ चोळलं, मान खाली घातली आणि वाकून बाहेर पडला.